भारद्वाजचा चौथरा

नव्या कोऱ्या मॉडेलला जुनं करण्यात रेवतीचा हात धरणारं कुणी नव्हतं. लेक ज्या ‘भारद्वाज’ यानावर होती, त्याचंच हे हातभर लांब मॉडेल. सोमवारी रेवतीनं मॉडेलच्या डाव्या पंखाखाली काजळीचा एक ओरखडा ओढला होता.

आज लेकीचा निरोप आला. “आई, सोमवारी एक दगड घासून गेला. डाव्या पंखाखाली काळा ओरखडा उठलाय, बाकी सगळं ठीक.”

रेवतीनं तो तीनदा ऐकला. योगायोग असेल. तरी खात्री करायला तिनं शेपटीवर मोहरीएवढा गंजाचा ठिपका दिला. तासाभरानं पुन्हा लेकीचा आवाज आला, या वेळी जरा दबका. “शेपटीला गंज दिसतोय. बाहेर हवाच नाही, मग गंज चढला कसा?”

डाग पुसायला थिनर हवं होतं. ती बाटली शोधून परतली, तर टेबल रिकामं.

“इकडे ये गं,” नवऱ्यानं हॉलमधून हाक मारली. मॉडेलचे चौथरे नेहमी तोच करायचा. “या वेळी नुसती दांडी नाही लावली. तू एवढं झिजवलंयस, त्याला शोभेल असं केलंय.”

चौथऱ्यावर प्लास्टरचं लाल, खडकाळ मैदान होतं आणि ‘भारद्वाज’ त्यात नाक खुपसून रुतला होता. रेवतीनं दोन्ही हातांनी तो धरला. तो तसूभरही हलला नाही.

“ओढू नकोस,” नवरा कौतुकानं म्हणाला. “पक्का चिकटवलाय. ओढलास तर मधोमध मोडेल.”