कतरण

"काकू, आत बसू या की. पंखा हाय."

"न्हाई बाबा, हितंच बरं हाय." सिंधुकाकूंनी कोचिंग संस्थेच्या उंच इमारतीकडं एकदा पाहिलं आणि त्या आवारातल्या लिंबाच्या बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या. "ह्यांचा आवाज पायजे होता रे, वकार. तुझ्यापाशी असंल."

वकारला हायसं वाटलं. आवाजाला काय तोटा! काकूंचे यजमान श्रीमंत सर, त्यांचा रसायनशास्त्राचा अख्खा ऑनलाइन कोर्स त्यानंच तर रेकॉर्ड करून, कापून-जोडून तयार केला होता. सर वारून महिना लोटला होता, तरी हदगावपासून मुरुडपर्यंतची पोरं रोज त्यांच्याकडूनच शिकत होती. त्यानं मोबाइलवर एक धडा लावला आणि काकूंपुढं धरला. सर धडाधड बोलू लागले.

काकूंनी थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"हे असं न्हाईत बोलत. ह्यात मधी श्वास बी न्हाई. शेवटाला मला फोन करायचे बघ, तेवढंच दे."

तो फोन त्याला पाठ होता. रेकॉर्डिंग आटोपलं की सर कॅमेऱ्यासमोरच मोबाइल कानाला लावत आणि एकच ठरलेलं वाक्य बोलत. "सिंधु, घर पक्कं हाय. आत जा. मी आलोच."

त्या वाक्यामागची कहाणी सरांनी एकदा चहा पिताना सांगितली होती. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव झोपलं ते झोपलंच. गणपती बुडवून सर रात्री गावाबाहेर मित्रांत थांबले होते. पहाटे घराचं दगडमातीचं माळवद काकूंवर आणि तान्ह्या मुलीवर कोसळलं. सरांनी नखं उलथेपर्यंत माती उपसली. काकू हाती लागल्या, मुलगी गेली. पुढं मूल झालं नाही. लातूरला सिमेंटचं घर बांधलं, पण सर घरी नसले की काकू अंगणातच बसून राहत. सरांचं हे वाक्य ऐकल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडत नसे.

आणि वकारनं ते वाक्य दर वेळी कापलं होतं. तसा हुकूमच होता. "पोरं दुप्पट वेगानं बघतात, त्यांना कुठला दम? खोकला नको, थांबणं नको, घरचं बोलणं तर नकोच," असं संचालक अण्णाराव बजावत. वकारचा हातही कात्रीला सरावलेला होता. फक्त एकदा चुकला. एका धड्याच्या शेवटी तो फोन तसाच राहून गेला आणि हॉस्टेलांत पोरांनी त्याची चेष्टेची क्लिप करून धमाल उडवून दिली. जेवणाच्या पंगतीत, जिन्यात, जिकडंतिकडं "सिंधु, आत जा!" अण्णारावांनी वकारची चांगलीच खरडपट्टी काढली. सर मात्र खाली मान घालून एवढंच म्हणाले, "काप रे बाबा ते. ही चेष्टा तिच्या कानावर नको जायला." त्यानं ते लगेच कापलं.

वकारचे अब्बा, हनीफ टेलर, लातूरच्या गंजगोलाई बाजारात शिलाई करत. कपड्याचा उरलेला चिटूकभर तुकडाही ते शिवलेल्या कपड्यासोबत बांधून देत. "कपडा गिऱ्हाइकाचा, तर कतरण बी त्याचीच," असं त्यांचं म्हणणं. वकार हसायचा. कॉम्प्युटरमध्ये जागा पुरत नाही म्हणून तो दर शुक्रवारी कापलेलं सगळं पुसून टाकत असे. आता त्याला स्वतःच्या हातांची चीड आली.

"काकू, मग महिनाभर तुम्ही..."

"अंगणातच हाय," काकू म्हणाल्या. "आत जा म्हणणारं कोण हाय?"

त्या गेल्यावर वकारनं सगळ्या मशिनी धुंडाळल्या. काही नाही. शेवटी त्यानं पोरांच्या ग्रुपवर लिहिलं, की सरांची ती चेष्टेची क्लिप कुणाकडं असेल तर पाठवा, कुणी रागावणार नाही. पण शिक्षेच्या भीतीनं सगळे मूग गिळून बसले. दोन दिवसांनी बिलोलीच्या एका मुलानं गुपचूप क्लिप पाठवली. खाली लिहिलं होतं, "सर, माफ करा. तेव्हा गंमत वाटली होती."

वकार तसाच गाडी काढून निघाला. दिवेलागण झाली होती. काकूंच्या अंगणात बाज होती, बाजेवर वाकळ, बाजूला चूल आणि दोन भांडी. घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत धूळ साचली होती, तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

त्यानं मोबाइल काकूंच्या कानाशी धरला. आधी सरांचा दमलेला उसासा आला. मग आवाज. "सिंधु, घर पक्कं हाय. आत जा. मी आलोच."

आणि पाठोपाठ पोरं फिदीफिदी हसली. हसणं पोरांनी मागून जोडलेलं होतं, खदाखदा, बराच वेळ चालणारं. वकार शरमेनं अर्धा झाला. त्यानं घाईघाईनं मोबाइल मागं घेतला.

"माफ करा, काकू. एवढं हसणं कापून देतो. आत्ताच देतो."

काकू पदरानं डोळे पुसून उठल्या. बाजेवरची वाकळ त्यांनी उचलली, उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या. आत दिवा लागला. मग त्यांचा आवाज आला.

"नको कापू, लेकरा. ह्या घरात लेकरं कधी हसलीच न्हाईत."