पुढची खोली

"आई, मोठा झालो ना मी, की घर बांधीन. पुढची खोली तुझी. उन्हाची!"

ओल्या वाळूत पाय खुपसून बसलेल्या पोराचा तो आवाज इतक्या वर्षांनीही सासूबाईंच्या कानात ताजा होता. आज खरंच जागा बघायला निघाले होते तिघं. तो टेप घेऊन पुढे, मागे सून, तिच्यामागे सासूबाई.

"आम्ही दोन खोल्या तरी काढूच," सून म्हणाली.

आम्ही. सकाळपासून हेच चाललं होतं. 'आपण' म्हटलं असतं तर हिची जीभ झिजली असती? पण विचारायचं कसं? सासूबाईंनी सगळा राग जमिनीवर काढला.

पहिली जागा खोलगट. "पाऊस पडला की दाराशी होडी बांधा."

दुसरी चिंचोळी. "उंबरा ओलांडला की पाय थेट शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात!"

"अहो आई, मला तर एका नजरेत पसंत केलंत!"

"तेव्हा चष्मा नव्हता मला."

सून खळखळून हसली. तोही हसला, पण मान खाली घालून. वायरमन माणूस, बोटं भराभर चालायची, तोंड मात्र बंद.

सासूबाईंना साखर वर्ज्य, म्हणून थर्मासात बिनसाखरेचा चहा आणि डबीत साखर वेगळी. त्यांनी त्याच्या कपात दोन चमचे घालून ढवळलं. एकेक घोट डोळे मिटून घेत त्याने कप संपवला. सून काही बोलणार होती. त्याने नजरेनेच तिला गप्प केलं.

तिसरी जागा उंचवट्यावर. वारा मोकळा, माती घट्ट. सासूबाईंनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. नाव ठेवायला काही सापडेना.

त्याने काठीने मातीत रेघा ओढायला घेतल्या. सगळ्यात आधी उगवतीकडची, पुढची खोली.

"ही कुणाची?" सासूबाईंचा आवाज नको तितका कोरडा निघाला.

त्याने पायाने एक खडा उगाच इकडून तिकडे केला.

"आईंची," तो कसाबसा म्हणाला.

"दुसऱ्या कुणाची असणार?" सून म्हणाली. "तुम्ही नसाल तर घरच नाही, हे मी याला पहिल्याच दिवशी सांगितलंय. आपलं घर आहे, आई."

आपलं. सासूबाई जवळच्या दगडावर टेकल्या. बराच वेळ पदराने चष्मा पुसत राहिल्या. मग थर्मास उघडला, कप भरला, एक चमचा साखर घातली. दुसरा भरला, आणि हात अधांतरीच थांबला.

"माझा लेक दोन घ्यायचा," त्या म्हणाल्या. "तो गेला, हिने तुमच्याशी नवा संसार मांडला, माझा हात मात्र तसाच राहिला. तुम्हाला किती घालू, जावईबापू?"