अस्वच्छ आढळले

एजंटने स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या खाचेतून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. बोट स्वच्छ होतं. त्याचा चेहरा जरा पडला.

“पुसलंय चांगलं,” तो म्हणाला, “पण हे चालणार नाही. घर सोडताना सफाई कंपनीकडूनच करून घ्यायची, असं भाडेकरारात लिहिलंय. कंपनीचा कागद लागतो.”

तिचं डोकंच फिरलं. दोन दिवस ती या दोन खोल्यांशी झुंजत होती. टाइल्सच्या फटी जुन्या टूथब्रशने घासल्या होत्या. नळावरचा पांढरा थर लिंबाने काढला होता. फ्रिजखालचा काळा चौकोन गुडघ्यांवर बसून सुरीने खरवडला होता. बोटांची सालं निघाली होती. आणि हे काही तिच्यासाठी नवीन नव्हतं. लोकांनी सोडलेली घरं साफ करायची हीच तिची अकरा वर्षांची नोकरी. तिने तसं सांगूनही पाहिलं. एजंट म्हणाला, घरचं काम वेगळं आणि कंपनीचं वेगळं. कंपनीच्या सफाईचा आकार डिपॉझिटमधून कापला जाईल. उरेल ते जेमतेम निम्मं.

निम्म्यात भागणार नव्हतं. नव्या खोलीच्या मालकाने सोमवारपर्यंतच वाट पाहीन म्हणून बजावलं होतं. सामान भावाच्या घरी पडलं होतं, आणि वहिनी सकाळ-संध्याकाळ त्याला वळसा घालून जाताना मुद्दाम मोठ्याने उसासा टाकत होती.

एजंट गेल्यावर नवरा म्हणाला, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाची घरं साफ करणारीचं घर नापास. करारावर सही कोणाची होती, असं तिने विचारलं. सही त्याची होती. करार मात्र दोघांनीही वाचला नव्हता.

संध्याकाळी तिच्या सुपरवायझरचा फोन आला. सकाळी आठला एक रिकामा फ्लॅट होता. त्याने पत्ता सांगितला. तो तिला लिहून घ्यावा लागला नाही.

ते घर आपलंच आहे हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं आणि मजुरीही गेली असती. नवरा मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. म्हणाला, आपल्याच खिशातून शंभर काढायचे आणि त्यातले दहा मजुरी म्हणून आपल्यालाच द्यायचे, धंदा असावा तर असा. तिला हसू आलं नाही.

सकाळी कंपनीचा निळा कोट घालून, कंपनीची बादली घेऊन ती आपल्याच दारात उभी राहिली. कुलपात किल्ली कुठे अडते ते हाताला ठाऊक होतं. आत करण्यासारखं काही नव्हतं. तिने सवयीने एक नळ पुसला आणि भिंतीला टेकून खाली बसली. खोलीत अजून तिच्याच फिनेलचा वास होता.

बादलीसोबत सुपरवायझरने फॉर्म दिला होता. त्यावर दोन चौकोन होते. वरच्यापुढे छापलं होतं, घर स्वच्छ आढळले, आकार नाही. खालच्यापुढे, अस्वच्छ आढळले, पूर्ण आकार. खालच्या चौकोनात निळी खूण होती. घर कोणी पाहण्याआधी, ऑफिसातच केलेली. ती नेहमी तशीच असायची. भरण्यात तुमचा वेळ जायला नको, असं सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिने ते मानलं होतं. बहुतेक घरं खरोखरच घाण असायची.

मागच्या महिन्यातलं एका मास्तरांचं घर मात्र तसं नव्हतं. निवृत्त, एकटा माणूस. एकेक कपाट उघडून दाखवत होते. बाथरूमची जाळीसुद्धा उचलून दाखवली. जरा बघून तरी घ्या, एवढंच म्हणत होते. तिने बघितलं होतं. तिला स्वतःला त्याहून स्वच्छ जमलं नसतं. मग, खूण आधीच असते हो, असं म्हणून तिने सही केली होती. त्यांनी तरीही तिला पाणी आणून दिलं होतं आणि ती ते पिऊन निघाली होती. तेव्हा तिला पुढच्या घराची घाई होती. आज मात्र त्या पाण्याची तिला लाज वाटली.

दहा वाजता एजंट आला. मागोमाग नवराही. तिला कोटात पाहून एजंट आधी दचकला, मग खांदे उडवून त्याने कागद मागितला. तिने निळ्या खुणेवर काट मारली, वरच्या चौकोनात खूण केली आणि खाली सही केली.

एजंटने कागद दोनदा वाचला आणि थेट सुपरवायझरला फोन लावला. दोन मिनिटं बोलून त्याने फोन तिच्या हातात दिला.

सुपरवायझर चिडलेला नव्हता. उलट हसत होता. “अहो ताई, तुमचं स्वतःचं घर आहे हे आधी नाही का सांगायचं? अकरा वर्षं कामाला आहात तुम्ही. एवढं सोडून देतो, आकार लागणार नाही. फक्त बाहेर कुठे बोलू नका.”

म्हणजे डिपॉझिट पूर्ण मिळणार होतं. सोमवारची खोली हातात होती आणि नोकरीही जाग्यावर होती. नवऱ्याला एवढं फोनबाहेर ऐकू आलं होतं. तो दारातून हात जोडून खुणा करत होता, बरं म्हण आणि ठेव.

“साहेब,” ती म्हणाली, “मग मास्तरांचाही कागद बदला. त्याच्यावरची सही माझीच आहे.”