घोडबंदरच्या रिसॉर्टमधले हात

अरे ऐका ना, ही मालूची गोष्ट. सत्त्याण्णव साल असेल. घोडबंदर रोडला नवीन रिसॉर्ट झालेलं. ऑफिसातली शलाका मालूला तिथे घेऊन गेलेली. मसाज, फेशियल, सगळी चैन. आता मालूची आई खोपटला मासे विकायची, पण मालूने ऑफिसात सांगून ठेवलेलं, आई टीचर आहे.

दोघी शेजारी शेजारी आडव्या. तोंडाला लेप, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. कोणीतरी आलं आणि न बोलता मालूचे पाय चोळायला लागलं.

हात खरखरीत होते. अंगठ्याला खाच होती, कोलंबी सोलून सोलून पडते ना, तशी. एकेक बोट ओढून कट्कन मोडत होते. लहानपणी आई मोडायची, अगदी तस्सं.

आई इथे कशी येईल? ती तर सकाळीच टोपली घेऊन बाजारात गेलेली.

"ईऽ, बोंबलांचा वास कुठून येतोय गं?" शलाका खिदळली. "तुझ्या मसाजवाल्या बाईला येतोय वाटतं. ओळखीची आहे का तुझ्या?"

शरमेने मालूचे कान तापले. "छे गं! असल्या बायकांना मी कशाला ओळखू?"

हात थांबले.

तेवढ्यात दार उघडलं. "सॉरी मॅडम, मला यायला उशीर झाला," एक मुलगी म्हणाली. "सुरू करू?"

"अगं, ती बाई करतेय ना हिचे पाय," शलाका म्हणाली.

"कोण बाई? इथे तुम्ही दोघीच आहात."

मालूने डोळे उघडलेच नाहीत. त्या हातांनी तिचे घोटे अजून धरलेले होते, आणि पावलांवर एकेक कोमट थेंब पडत होता.