कानाचं मशीन

"पंधरा दिवसांच्या आत आणलं असतं ताई, तर परत घेतलं असतं," दुकानदार म्हणाले. "आज विसावा दिवस आहे."

"पहिल्या दिवसापासून बंदच आहे हो ते. या आमच्या नानांना विचारलं की नुसती मान डोलवायचे. काल पाठीमागे कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी पेपर वाचत बसले, तेव्हा मला कळलं."

दुकानदार जरा नरमले. "पहिल्या दिवसापासून बंद होतं असं त्यांनी स्वतः सांगितलं, तर कंपनीला कळवून बघतो."

त्यांनी मशीन नानांच्या कानात बसवून विचारलं. मग ओरडून विचारलं. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, माझे वडील तेवढे भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले. शेवटी दुकानदारांनी बिलाच्या मागे लिहिलं, 'पहिल्या दिवशी ऐकू आलं होतं का?' आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

नानांनी चष्मा पुसून सावकाश वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात नाही, नाही अशी मान हलवत होते.

"छान आलं होतं," ते म्हणाले. "लेकीनं घेऊन दिलंय ना."