आपापली हद्द

माझे दोघे मुलगे पालिकेत साहेब आहेत. थोरला रस्त्यांचा, धाकटा गटारांचा. नव्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडद्यापुढे मांडीला मांडी लावून बसतात. पण आमच्या दारातल्या गटाराचं झाकण गेलं, तर ते कोणाच्याच हद्दीत येईना.

"आई, झाकण त्याच्या खात्याचं," थोरला म्हणाला.

"पण ते बसतं ती कड ह्याच्या खात्याची," धाकटा म्हणाला.

दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं ते गटार उघडंच राहिलं. आमच्या ह्यांना, म्हणजे पोरांच्या बाबांना, डोळ्यांनी अंधुक दिसतं, आणि काठी टेकत फेरी मारल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटी मी दोघी सुनांना हाताशी घेतलं आणि जेवायचं टेबल उलटं करून त्या भोकावर टाकलं.

संध्याकाळी दोघे एकाच गाडीतून छाती फुगवून उतरले. "आई, आज पहिल्यांदाच आमच्या दोन्ही खात्यांनी मिळून कारवाई केली! पडद्यावर रस्त्यात अडथळा दिसला, लगेच माणसं पाठवून उचलला. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली."

"शाबास," मी म्हटलं.

हातपाय धुऊन दोघे आत गेले, तसेच बाहेर आले. "आई, टेबल कुठं गेलं?"

एवढा मोठा पडदा, पण मेल्यांना ना स्वतःचं दार ओळखू आलं, ना ज्यावर जेवून वाढले ते टेबल. मी उघड्या गटाराच्या अलीकडे एक ताट मांडलं, पलीकडे एक.

"बसा आपापल्या हद्दीत. आणि तुमचे बाबा पडले तर कोणाच्या हद्दीत पडतील, तेवढं जेवता जेवता ठरवा."