सुनेचा तीळ

१९९८ साली चेन्नईजवळ तांबरमच्या आमच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि देवाच्या हातून झालेल्या चुका दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच आठवड्यात सकवारबाई मुलाच्या लग्नाचे फोटो घेऊन आल्या. सुनेच्या, हेमावतीच्या, डाव्या गालावर चांगला ठसठशीत तीळ होता.

"अय्यो, अल्बम सगळ्या नातेवाइकांत फिरणार. हा डाग तेवढा काढून टाका," त्या सुनेसमोरच म्हणाल्या. मी अठ्ठेचाळीस फोटोंतून तीळ पुसला आणि वरून तिला थोडं गोरंही करून दिलं.

मुलगा अमेरिकेला परतला. तीन महिन्यांनी त्याच्याकडे जायचं म्हणून हेमावती व्हिसाच्या खिडकीपाशी उभी राहिली. साहेबाने पासपोर्ट वाचला. ओळखीची खूण, डाव्या गालावर तीळ. मग त्याने लग्नाचा अल्बम चाळला आणि शांतपणे विचारलं, "हिचं लग्न झालं, ते कळलं. तुमचं कधी झालं?"

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओ उघडायला गेलो, तर सकवारबाई अल्बम मांडीवर घेऊन पायरीवर बसलेल्या.

 

"तीळ परत बसवा. जरा मोठाच बसवा, लांबून दिसला पाहिजे."